तीन पाण्यांनी धुतलेले हुलगे

"मैडम, अंदर कुछ मर गया है क्या?"

बॉयलरवरचा शिवपूजन नाकाला रुमाल लावून लॅबच्या दारात उभा होता. त्याच्या मागून पॅकिंगच्या दोघीजणी माना लांब करून आत बघत होत्या. मी हॉट प्लेटवरचं पातेलं ढवळत होते. पातेल्यात किलोभर जवळा रटरटत होता.

"मेलेलं काही नाही रे, शिजतंय. जवळा आहे."

"जवला तो मालूम है, मैडम. लेकिन लैब में?"

प्रश्न रास्त होता. पण मला ढवळणं थांबवता येत नव्हतं, म्हणून मी त्याला हातानंच 'जा' म्हटलं. तारापूर एमआयडीसीत मी एकोणीस वर्षं मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून काम करते. इथं हवेला कसले ना कसले वास असतातच. त्याबद्दल आमच्या गल्लीत कधी कोणी ब्र काढल्याचं मला आठवत नाही. जवळ्याच्या वासाची तक्रार मात्र दहा मिनिटांत मालकापर्यंत गेली.

आमची कंपनी जिवाणू विकते. हे लग्नाकार्यात सांगितलं की शेजारची बाई ताट घेऊन दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. कारखान्यांचं, हॉस्पिटलांचं, मोठ्या सोसायट्यांचं घाण पाणी साफ करायला टाक्या असतात. त्या टाक्यांतली घाण खाऊन टाकायचं काम जिवाणू करतात. ते मेले की टाकी बसते, वास सुटतो, आणि मग लोक आमच्याकडून जिवाणूंची पावडर नेऊन टाकीत टाकतात. माणसाला त्यांचा काही त्रास नसतो. आम्ही ते आधी काचेच्या फ्लास्कमध्ये वाढवतो, आणि मग मोठ्या स्टीलच्या टाकीत, म्हणजे फर्मेंटरमध्ये. दुधाला विरजण लावतात तसलाच प्रकार. फक्त दुधाच्या जागी मीडियम असतं. मीडियम म्हणजे जिवाणूंचं जेवण.

या जेवणात प्रोटीन लागतं, आणि तेही आधी बारीक तुकडे करून, अर्धवट पचवून दिलेलं. कारण जिवाणूंना दात नाहीत आणि आमच्या जिवाणूंना धीरही नाही. अशा अर्धवट पचवलेल्या प्रोटीनला पेप्टोन म्हणतात. ते डब्यातून विकत मिळतं. पिवळसर भुकटी असते, आणि भाव असा की डबा उघडताना मी पंखा बंद करायला लावते.

त्या जानेवारीत भाव पुन्हा चढला आणि किरीटभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. किरीटभाई आमचे मालक. माणूस सरळ, बोलायला गोड, आणि हिशेबाला दगडासारखा.

"उज्ज्वलाबेन, वापीला एक पार्टी रेडी पावडर देते. आपण आणायची, पॅक करायची, विकायची. लॅबचं टेन्शनच नाय."

"आणि क्वालिटी?"

"क्वालिटी एकदम बरोबर. मी टेस्ट केली ना."

"कुठं केली?"

"तुमच्याच लॅबमध्ये. मागच्या महिन्यात एक सॅम्पल दिला होता, नाव न सांगता. तुम्हीच पास केला."

स्वतःच्या हातानं सही केली होती मी. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "मला एक महिना द्या. पेप्टोनशिवाय मीडियम करून दाखवते. स्वस्तातलं."

"महिना दिला. पण फ्लास्क दाखवू नका हां मला. फर्मेंटरची पूर्ण बॅच निघाली पाहिजे. नाय निघाली, तर लॅब बंद."

लॅब म्हणजे माणसं दोनच. एक मी आणि दुसरी मंजूताई. माझं काही अडलं नसतं. इथं इतक्या कंपन्या आहेत, कुठंतरी चिकटले असते. मंजूताईचं तसं नव्हतं. ती माकुणसारची. सफाळ्याला गाडी पकडून बोईसरला येते. शिक्षण सातवी. बारा वर्षांपूर्वी कंत्राटदारामार्फत पॅकिंगला आली, मग लॅबची फरशी पुसायला, आणि बघता बघता वजनं करायला, मीडियम बनवायला, ऑटोक्लेव्ह लावायला शिकली. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा प्रेशर कुकर. डब्यांवरची इंग्रजी नावं ती वाचत नाही, अक्षरांच्या आकारावरून ओळखते, आणि आजवर एकदाही चुकलेली नाही. पाच वर्षांपूर्वी ती परमनंट झाली, लॅब अटेंडंट म्हणून. त्या दिवशी तिनं सगळ्या कंपनीला पेढे वाटले होते. लॅब बंद झाली असती तर ती परत कंत्राटदाराकडे गेली असती. काम असेल तर हजेरी, नसेल तर गेटवरून परत.

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमी कायपन शिजवा, मी ढवळते. पन लॅब जाऊ देऊ नका. मला पॅकिंगला परत नाय जायचं."

तर पहिला प्रयोग जवळ्याचा. डोकं माझंच. इथल्या बाजारात सुका जवळा ढिगानं मिळतो, त्यात प्रोटीन भरपूर, आणि मीठ लावलेलं नसतं. जिवाणूंनी तर असा ताव मारला की बघत राहावं. मी खुशीत रिपोर्ट घेऊन केबिनला गेले. किरीटभाई खिडकीत उभे होते. खिडकी सताड उघडी, एसी चालू.

"रिझल्ट फर्स्ट क्लास आहे," ते म्हणाले. "पण उज्ज्वलाबेन, मी माझ्याच कंपनीत पाय टाकू शकत नाय, हा प्रॉब्लेम आहे. आमच्या घरी कांदा पण येत नाय."

जवळा बाद झाला. माझे पाच दिवस गेले आणि लॅबचे पडदे दोनदा धुवावे लागले.

दुसऱ्या दिवशी मंजूताईनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत मोड आलेले वाल होते. तिची बहीण बेटेगावला दिलेली आहे, तिच्यासाठी आणले होते. "मॅडम, ह्यातपन प्रोटीन असतंय ना? टीवीवर सांगतात." मी डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बहिणीला त्या संध्याकाळी अर्धाच डबा मिळाला.

वाल आम्ही मिक्सरला वाटले. आता प्रश्न होता पचवायचा. त्यासाठी एंझाइम लागतं आणि ते पेप्टोनहून महाग. मी डोक्याला हात लावून बसले, तर मंजूताई म्हणाली, "मटन शिजत नसलं तर आमी कच्च्या पपईचा तुकडा टाकतो."

एमएस्सीला मी याच पपईच्या चिकावर दोन पानं उत्तर लिहिलं होतं. परीक्षा झाली आणि विसरले! कँटीनच्या मागं पपईचं झाड होतंच. कच्ची पपई सालासकट वाटून वालाच्या पिठात मिसळली, ते मिश्रण तीनेक तास कोमट ठेवलं, मग उकळून, फडक्यातून गाळून, ऑटोक्लेव्ह केलं. थंड झाल्यावर त्यात जिवाणूंचं विरजण टाकलं आणि फ्लास्क शेकरवर चढवला. शेकर म्हणजे फ्लास्क रात्रंदिवस हलवत ठेवणारं यंत्र.

सकाळी फ्लास्क गढूळ झालेला! आमच्या धंद्यात गढूळ म्हणजे आनंदीआनंद. गढूळ म्हणजे जिवाणू वाढले. मीडियम नितळ राहिलं की समजायचं, जेवण कोणी तोंडाला लावलेलं नाही. आम्ही दोघींनी चहा मागवला, शिवपूजनलाही पाजला, आणि त्यानं नाकाला रुमाल न लावता आत येऊन दाखवलं.

पण वाल महाग, आणि किरीटभाईंना वर्षभर कधीही मिळेल असं स्वस्त कडधान्य हवं होतं. इथं माझ्यातली माणदेशी जागी झाली. आमच्याकडे दुष्काळी रानात काही आलं नाही तरी हुलगा येतो. बैलालाही तोच आणि माणसालाही तोच. मंजूताईकडे त्यालाच कुळीथ म्हणतात. प्रोटीन वालाच्या तोडीचं आणि भाव कमी. शिवाय संक्रांतीला सासूबाईंनी गावाहून अर्धं पोतं हुलगे पाठवले होते. घरात खाणारी आम्ही तीन माणसं, पण सासूबाई अजून दहा जणांचं धरूनच पाठवतात. मी पोतं उचललं आणि थेट लॅबमध्ये आणलं. वर मंजूताईला दोन वाक्यं ऐकवली, की बघ आता, आमच्याकडचा माल कसा असतो.

मग मी एसओपी लिहिली. एसओपी म्हणजे कामाची लेखी पद्धत. ती एकदा लिहिली की तिच्याबाहेर एक चमचासुद्धा हलवायचा नाही. मी मंजूताईला मराठीत वाचून दाखवली. हुलगे मोजून घेणे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर भिजवणे. त्याच पाण्यासकट वाटणे. पुढं पपई वगैरे.

"भिजत घालायच्या आधी धुवायचे नाय?" तिनं विचारलं.

"मंजूताई, ही लॅब आहे, स्वयंपाकघर नाही. धुण्यात प्रोटीन वाहून जातं. आणि एवढं डिस्टिल्ड वॉटर काय नळाला येतं?"

"वरती पांढरं पांढरं लागलंय."

"धूळ असेल. ऑटोक्लेव्हला जाणारच आहे ना सगळं? तिथं काही जिवंत राहत नाही."

"बरं," ती म्हणाली. मी 'बरं' हा शब्द ऐकला आणि पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी हुलग्याचे चारही फ्लास्क नितळ. शेजारी तुलनेसाठी नेहमीच्या पेप्टोनचा एक फ्लास्क ठेवला होता, तो मस्त गढूळ. म्हणजे जिवाणू ठणठणीत होते. शेकरही ठीक होता. मग गडबड मीडियममध्येच. मी आंबटपणा तपासला, बरोबर. ऑटोक्लेव्हचं प्रेशर तपासलं, बरोबर. पपई बदलली. पुन्हा केलं, पुन्हा नितळ. तिसऱ्यांदा केलं. एक दिवस जास्त ठेवलं, तेव्हा तळाशी किंचित ढग दिसला न दिसला असं झालं. चौथ्यांदा तेच.

महिन्यातले बावीस दिवस संपले होते. माझं डोकं तापलं होतं आणि डोकं तापलं की माझी जीभ तिखट होते, हे घरी दारी सगळ्यांना ठाऊक आहे.

"मंजूताई, मापात काय केलंस?"

"कायच नाय. सांगितलं तसंच केलं."

"मग वाल कसे वाढले आणि हुलगे का नाही? जिवाणूंनी उपवास धरलाय का?"

"मला काय माहीत, मॅडम."

"पपई किती घातलीस? पाणी किती घातलंस? लक्ष कुठं असतं तुझं?"

ती गप्प झाली. ही बाई दिवसभर बोलते. गाडीत कोण भेटलं, भाताला भाव काय आला, कोणाच्या सुनेनं काय केलं, सगळं बोलते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. फ्लास्क घासून, उलटे घालून, पिशवी उचलून निघून गेली.

आमच्याकडे बॅच फेल झाली की रिपोर्ट भरावा लागतो. त्यात 'कारण' असा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवता येत नाही. मी तिथं लिहिलं, 'मीडिया प्रिपरेशन एरर, अटेंडंट.' म्हणजे मीडियम बनवणाऱ्या बाईची चूक. माझ्याकडे पुरावा शून्य होता. पण दुसरं काही सुचत नव्हतं आणि माझ्या स्वतःच्या एसओपीत चूक असेल हे तर स्वप्नातही आलं नाही.

किरीटभाईंनी रिपोर्ट वाचला. "मीडियम कोण बनवते? मंजू?"

"हो."

"तर मग तिला पॅकिंगला घ्या. इथं कॉलेजची एखादी पोरगी बसवा. मुदत संपत आली, उज्ज्वलाबेन. आठवड्याच्या सुट्टीनंतर लगेच करा."

आणि मी काही बोलले नाही. जी मी वाण्याशी पाव किलो साखरेवरून भांडते, ती मी 'ठीक आहे' म्हणून केबिनबाहेर आले. आजही तो क्षण आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

मंजूताईला मीच सांगितलं. ती फरशीकडे बघत म्हणाली, "परमनंट राहीन ना?" मी म्हटलं, "बघू या." ते बघू या कसलं असतं, हे तिला चांगलंच माहीत होतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी मी पालघरला एका मीटिंगला गेले होते. सुट्टी संपवून सकाळी लॅबमध्ये आले. मंजूताईला पॅकिंगला जायचं होतं, पण ती माझ्याआधीच येऊन शेकरसमोर उभी होती. अंगात पॅकिंगचा निळा एप्रन. शेकरवर माझे चार फ्लास्क होते, नितळ. आणि पाचवा होता, त्यावर मार्करनं मराठीत लिहिलेलं होतं, 'घरचा'. तो पाचवा ताकासारखा गढूळ होता.

"हा कुठला फ्लास्क?" मी जवळजवळ ओरडलेच. "कोणाला विचारून ठेवलास? आत काय आहे?"

"कुळीथ."

"कुठले?"

"तुमचेच. त्याच पोत्यातले."

"आणि वेगळं काय केलंस?"

"कायच नाय. धुतले." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "तीन पाण्यांनी. घरी धुते तसे. मग भिजत घातले. बाकी सगळं तुमचंच. पपईपन तेवढीच."

मी खुर्चीवर बसले. मग उठले. मग सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघितला, की भलतंच काही तर वाढलं नाही ना. नाही, आमचेच जिवाणू होते, लाखांनी. आणि वालाचंही कोडं तिथंच सुटलं. ते तर घरूनच भिजवून, मोड आणून आले होते. मंजूताईनं ते आधी धुतले असणारच. मी ते कधी पाहिलं नाही, म्हणून माझ्या एसओपीत धुणं आलंच नाही.

पण धुण्यानं गेलं काय? मी पोत्यात हात घातला आणि मूठभर हुलगे तळहातावर चोळले. तळहात पांढरा झाला. मी तशीच गावाला सासूबाईंना फोन लावला.

"आई, हुलग्यांना काही लावलंय का?"

"लावलंय की. बोरिक पावडर. दरसाली लावत्ये की गं."

"किती लावली?"

"यंदा भुंगा लई पडलाय म्हनून जरा सढळ हातानं चोळली. का गं? धुतलं न्हाईस व्हय? आगं, तीन पान्यानं धुवावं लागतंय त्ये. शिकल्याली बाई तू, येवढं कळंना व्हय?"

कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर. वर्षाचं कडधान्य भरून ठेवताना किडा लागू नये म्हणून घरोघरी बायका चोळतात. माझी आई चोळायची, सासू चोळते, मीही तांदळाला चोळते. आणि ही पावडर जिवाणूंनाही वाढू देत नाही. मारते असं नाही, पण जागच्या जागी गपगार बसवते. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेनं तिला काही होत नाही. त्यातून आम्ही हुलगे मोप घेत होतो आणि भिजवलेलं पाणीसुद्धा फेकत नव्हतो. म्हणजे चार वेळा मी जिवाणूंना जेवण वाढलं, आणि त्यातच त्यांची वाढ रोखणारं औषधही कालवलं.

खात्री करायला मेडिकलमधून बोरिक पावडर आणली. चांगल्या चालणाऱ्या मीडियममध्ये थोडी मिसळली. दुसऱ्या दिवशी फ्लास्क नितळ. विषय संपला.

तोवर मंजूताई पॅकिंगला गेली होती. मी पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. ती पिशव्यांना सील मारत होती. आजूबाजूला सहा बायका होत्या. मनात आलं, बाजूला बोलवून सांगावं. मग वाटलं, हिच्यावर मी चूक टाकली ती सगळ्यांना कळली, तर माझी चूक का नको?

"मंजूताई, चूक माझी होती," मी म्हटलं. "तुझी कसलीच नव्हती. मी तुझ्यावर ढकलली. माफ कर मला."

मला वाटलं ती हसेल, 'जाऊ द्या मॅडम' म्हणेल. ती सील मारत राहिली.

"तुमी इचारलं असतं तर मी तवाच सांगितलं असतं," ती म्हणाली.

"विचारलं तर होतं. मापात काय केलंस म्हणून."

"ते इचारनं नाय, मॅडम. ते वरडनं."

शेडमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. माझे कान लाल झाले. पण खोटं काय होतं त्यात?

"मी घरात अजून सांगितलं नाय, मला इथं टाकलं म्हणून," ती पुढं म्हणाली. "रोज लॅबलाच जाते असं सांगते. पोरीचं लग्न ठरवतोय. त्या लोकांना सांगितलंय, आई लॅबमध्ये हाय."

मी तिचा एप्रन मागून सोडवला आणि म्हटलं, "चल."

आम्ही दोघी तशाच किरीटभाईंच्या केबिनला गेलो. मी सगळं सांगितलं. सासूबाई, बोरिक, धुणं, सगळं. किरीटभाईंनी दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे मिस्टेक हिने पकडली?"

"हो."

"आणि मिस्टेक कोणाची?"

"माझी. आणि रिपोर्टमध्ये मी हिचं नाव घातलं, ती दुसरी."

"आणि मी तिला पॅकिंगला पाठवलं, ती तिसरी," किरीटभाई म्हणाले. मग मंजूताईकडे वळले. "मंजूबेन, आता चार दिवस राहिले. फर्मेंटरची बॅच लावाल?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लावते. पन धुनार."

"धुवा, धुवा. इथं धुण्याला कोणी मना नाय करणार."

बॅच लागली. या खेपेला हुलगे पालघरच्या बाजारातून आणले. दुकानदार छातीवर हात ठेवून सांगत होता की याला काहीही लावलेलं नाही. आम्ही तरीही धुतले. दोन पाणी नळाचं, शेवटचं डिस्टिल्ड. धुण्याचं पहिलं पाणी मी मुद्दाम काचेच्या भांड्यात ठेवून बघितलं, तर तेही दुधाळ होतं. मंजूताईनं मधल्या वेळात स्वतःच्या मनानं दोन पाण्यांचा आणि एका पाण्याचाही फ्लास्क लावून बघितला होता. या वेळी मला विचारून. दोन पाण्यांनी धुतलेले जिवाणूंना चालले, पण वाढ जरा पातळ. एका पाण्यानं जवळपास नाहीच. तिनं तीनही फ्लास्क ओळीनं मांडून किरीटभाईंना दाखवले, तेव्हा ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी फर्मेंटरचा नमुना काढला. मोजणी पेप्टोनच्या बॅचपेक्षा थोडी कमी आली, पण ग्राहकाला जेवढी लागते त्याच्या वरच होती. खर्च कितीतरी उतरला. किरीटभाईंनी वापीला फोन करून नको म्हणून सांगितलं. लॅब राहिली. मंजूताई लॅबमध्ये राहिली, परमनंट. तिच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे माकुणसारला जाऊन जेवून आलो. सासूबाईंना हा सगळा प्रकार सांगितला, तर त्या म्हणाल्या, "मंग त्या बाईला पगार जास्ती का न्हाई देत?" हे मी किरीटभाईंना कळवलं. थोडा वाढला.

नव्या एसओपीची पहिली ओळ आहे, 'कडधान्य तीन पाण्यांनी धुणे.' 'तयार करणार' या रकान्यात मंजूताईची सही आहे. मागं एका मोठ्या कंपनीचे साहेब आमची लॅब तपासायला आले होते. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, याला शास्त्रीय आधार काय? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंजूताईनं त्यांच्यासमोर तीन फ्लास्कचे फोटो ठेवले, तारखेसकट. साहेबांनी पुढचं पान उलटलं.

त्या पुढच्या पानावर मात्र माझा जुना रिपोर्ट आहे. आमच्या कामात लिहिलेलं खोडता येत नाही आणि फाडता तर मुळीच येत नाही. चुकीच्या शब्दांवर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी दुरुस्ती करून सही करायची. त्याप्रमाणे मी 'अटेंडंट' या शब्दावर रेघ मारली आणि शेजारी माझं नाव लिहिलं. तपासणीला येणारा प्रत्येक माणूस ते पान वाचतो. आधी रेघेखालचं वाचतो, मग माझं नाव वाचतो, मग मान वर करून माझ्याकडे बघतो. मंजूताई तेव्हा शेजारीच उभी असते.